चाकांवरची नाव

दिवाळी अंकासाठी मोटारदुरुस्तीच्या धंद्यावर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा आधी मला हसू आलं. काशीच्या दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी चाललेली. आमच्या हातांना तूप लागायचं, तेल नव्हे. मी पहिल्यांदा काळे हात घेऊन घरी आलो, तेव्हा वडिलांनी मला दारातच अडवलं आणि घागरभर पाणी डोक्यावर ओतून मगच आत घेतलं. पुढे मी छावणीजवळ स्वतःचं गॅरेज काढलं आणि उभं आयुष्य तिथंच घालवलं. नखांतली काळी रेघ मात्र अजून गेलेली नाही. आता ती माझ्याबरोबरच मणिकर्णिकेवर जाईल.

काशीत मोटारी दुरुस्त करणं म्हणजे निम्मं काम पान्याचं आणि निम्मं धर्मशास्त्राचं. गाडी तयार होऊन उभी असायची, पण राहुकाळ संपल्याशिवाय मालक न्यायचा नाही. एका महंतांना कातड्याच्या बैठकीवर बसायचं नव्हतं. मी बैठकी काढल्या आणि खाटेसारखी सुतळी विणून वर घोंगडी घातली. रस्त्यात खड्डा आला की महंत वर उडायचे आणि प्रत्येक वेळी देवाचं नाव घेऊन खाली यायचे. पेट्रोल सोवळं की ओवळं, हेही मला विचारून झालेलं आहे. जे जळतं ते शुद्धच, असं मी ठोकून द्यायचो. त्यावर कोणी वाद घातला नाही.

अशा गिऱ्हाइकांवर पानंच्या पानं भरतील. पण आज मला एकाच गाडीविषयी लिहायचं आहे. तिला इंजिन नव्हतं. मोटारीच्या मागे आकड्याने जोडून ओढत न्यायचा तो ट्रेलर होता. साहेबलोक शिकारीला जाताना असले ट्रेलर तंबू-भांड्यांसाठी वापरायचे. आमच्या ट्रेलरमध्ये मात्र स्वयंपाकघर होतं, आणि तो रामेश्वरला जायला निघाला होता.

दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत नरहरी गुरुजी राहायचे. दशग्रंथी वैदिक. आवाज असा, की पहाटे ते वेद म्हणायला बसले की गल्लीतल्या बायका त्यावरून वेळ ओळखायच्या. कोणी घड्याळ घेतलंच नव्हतं. गुरुजींनी काशीची गंगा रामेश्वराला घालण्याचा संकल्प सोडला होता. आमच्याकडची ही जुनी रीत. गंगेचं पाणी इथून न्यायचं, रामेश्वराला अभिषेक करायचा, तिथली वाळू आणून गंगेत सोडायची, म्हणजे यात्रा पुरी. गुरुजींच्या घराण्यात त्याला आणखी एक नेम जोडलेला होता. पाण्याचा कलश वाटेत कुठेही टेकवायचा नाही. हातात धरायचा, नाहीतर टांगायचा. चालत जाणारे पूर्वज तो रात्री झाडाच्या फांदीला टांगून खाली झोपत.

गुरुजी आगगाडीने निघाले. आता सोवळ्यातल्या माणसाने आगगाडीत खायचं काय? नळाचं पाणी चालत नाही, दुसऱ्याच्या हातचं अन्न चालत नाही. फळांवर किती निभणार? इटारसीच्या फलाटावर गर्दीत त्यांना घेरी आली आणि कलश हातातून निसटून फलाटावर बसला. सांडला नाही, उलटला नाही. नुसता टेकला. गुरुजी तिथूनच परत फिरले.

परत आले ते गप्प होऊन आले. शिष्यांना दुसऱ्या गुरूंकडे पाठवून दिलं. संध्या करायचे तीही ओठांतल्या ओठांत. ज्याच्या हातातून गंगा खाली गेली त्या माणसाने वेद कुठल्या तोंडाने म्हणायचे, एवढंच एकदा म्हणाले. पहाटेची गल्ली मुकी झाली. त्यातच त्यांची दृष्टी मंदावत चालली होती.

एक दिवस त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, घोड्याच्या एक्क्यात बसून थेट गॅरेजवर आल्या. दुर्गाघाटावरची बाई छावणीत येणं म्हणजे नवलच. मी पुढे झालो तर म्हणाल्या, “लांब रहा रे दत्तू, मी सोवळ्यात आहे. तिथूनच ऐक. मला एक घर करून दे, मोटारीच्या मागे येईल असं. त्यात माझी चूल पेटली पाहिजे.”

“काकू, मोटारीमागे चूल?”

“हां. आणि छताला कलश टांगता आला पाहिजे. यांना मी रामेश्वरला घेऊन जाणार आहे.”

“गुरुजी तयार आहेत?”

“त्यांना कोण पुछतंय?” काकू म्हणाल्या. मग त्यांनी एक्क्याचा दांडा धरला. “दत्तू, घरात आवाज नाही रे. माणूस आहे, पण आवाज नाही. मला तो परत पाहिजे.”

मी कामाला लागलो. चौकातल्या एका यजमानाची जुनी मोठी मोटार माझ्याकडे पडून होती. गुरुजींसाठी म्हटल्यावर त्याने ती आनंदाने देऊ केली. एका मोडीत निघालेल्या लॉरीचा मागचा आस, चाकं आणि पाट्यांच्या स्प्रिंगा मिळाल्या. लोखंडी चौकट मी स्वतः जोडली. अडलं ते वरच्या घरापाशी. मोटारींच्या लाकूडकामाचे सुतार चूल म्हटल्यावर उठून चालते झाले.

शेवटी मी राजघाटाजवळ नावा बांधणाऱ्या रामधनी मिस्त्रीकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “पंडितजी, हम त नाव जानीला. कहा त नाव बना देईं, ओपर छत डाल देईं.”

तेच झालं. नदीकाठच्या वाळूत आमचा ट्रेलर उभा राहू लागला. साखूच्या, म्हणजे सालाच्या लाकडाच्या, जाड फळ्या, बाजू नावेसारख्या फुगीर, सांध्यांत कापूस आणि डांबर ठासलेलं. पुढच्या अर्ध्या भागात मातीने लिंपलेली चूल, मागे दोन माणसं निजतील एवढी जागा. छताखाली एक आडवी तुळई आणि तिच्यात कलशाची कडी. कलशाला दोन्ही बाजूंनी पाळण्यासारख्या दोऱ्या बांधल्या, म्हणजे हेलकावे बसले तरी आपटू नये. ती तुळई मला बोल्टाने आवळायची होती. रामधनीने माझा हात धरला. “बोल्ट नाहीं. खूँटी लागी. लकड़ी के साथे लकड़ी चलै द.”

आम्ही दोघं यावरून सबंध दुपार भांडलो. लाकडी खुंट्या धक्क्याने सैल होतील असं माझं म्हणणं. लोखंड लाकडाला हलू देत नाही, मग लाकूड फाटतं, असं त्याचं. काम त्याचं होतं, खुंट्या लागल्या.

घाटावरच्या रिकामटेकड्यांना आयतीच करमणूक मिळाली. कोणी विचारी, वल्हं कुठं लावणार? कोणी विचारी, रामेश्वर गंगेतून जातं का? ट्रेलरचं नाव “काकूंची नाव” पडलं ते कायमचं.

पहिल्या फेरीतच नाव पिसाळली. मोटार जरा जोरात नेली की ट्रेलर मागे शेपटासारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खायचा. ओढायच्या गाडीत वजन थोडं पुढे, आकड्यावर पडायला हवं. मागे पडलं की ती अशी वागते. मी आत पाहिलं तर काकूंनी पाटा-वरवंटा, जातं आणि तांदळाचं पोतं पार मागच्या भिंतीशी रचलेलं. “पुढे चुलीपाशी अडचण होते,” म्हणे. मी म्हटलं, “काकू, जातं पुढे आलं नाही तर आपण सगळे गंगेत जाऊ.” जातं पुढे आलं आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. धंद्यात नवशिक्यांना हे समजावताना मी पुढे नेहमी काकूंच्या जात्याचं उदाहरण देत आलो.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही निघालो. गुरुजी, काकू आणि मी. बालाजी घाटावर कलश भरला, त्याचं तोंड बंद केलं आणि काकूंनीच तो तुळईला टांगला. गुरुजींनी हात लावला नाही. मिर्जापूरला पिपांच्या तरंगत्या पुलावरून गंगा ओलांडली आणि विंध्याच्या चढणीला लागलो. चढावर इंजिन तापायचं. रेडिएटरला पाणी घालायला मी काकूंची बादली मागितली तर म्हणाल्या, “तुझ्या मोटारीला माझी बादली? अजिबात नाही.” मग मी एक डबा मिळवला. माझी निजायची जागा मोटारीत. जेवणाचं पान मिळायचं ते ट्रेलरच्या दारातून, वरून, हात न लागता. चुलीकडे नुसतं पाहिलं तरी काकू पदर आडवा धरायच्या.

पण जेवण काय असायचं! विंध्यात सडक म्हणजे दगडांची रास. स्प्रिंगेची एक पाटी मोडली ती तिथंच. बाभळीच्या काट्यांनी टायरांचा जीव खाल्ला, दाराची कडी दोनदा निखळली, आणि तरीही रोज गरम वरण-भात आणि तूप. गुरुजी रोज पोटभर जेवत होते. जबलपूर मागे पडलं, नागपूर मागे पडलं. नागपुरात लोक विचारायचे, ही कसली गाडी? काकू दारात बसून सांगायच्या, “आमचं घर आहे. या, पाणी घ्या.” मला मनातल्या मनात रामधनीची माफी मागावीशी वाटू लागली, कारण खुंट्या हलल्या नव्हत्या. फळ्या कुरकुरायच्या, किंचित इकडेतिकडे व्हायच्या आणि पुन्हा जागेवर बसायच्या. बोल्ट असते तर एव्हाना फाटल्या असत्या.

माफी मागायची राहिली तेच बरं झालं. हैदराबाद ओलांडून कर्नूलच्या बाजूला लागलो आणि मुलूखच बदलला. नुसते खडक, कोरडा वारा आणि थंडीच्या दिवसांतही चटका देणारं ऊन. काकूंच्या भातात लाल धूळ दिसू लागली. फळ्यांच्या सांध्यांतून उजेड यायला लागला, मग बोट जाईल एवढी फट. आणि एका सकाळी काकू आतून ओरडल्या.

मी गाडी थांबवून धावलो. तुळईच्या खुंट्या आपल्या भोकांत खुळखुळत होत्या. एक तर गळूनच पडली होती. तुळई एका बाजूने कलली होती आणि कलश खाली येत होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. कधीपासून, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मी ताबडतोब हत्यारांच्या पेटीतून बोल्ट काढला. सुकलेल्या तुळईत भोक पाडायला घेतलं तर टोकाशी चर्रकन चीर गेली. आता काय? बाहेर टांगावं तर झाड नाही. मोटारीचं छप्पर कापडी. माझा चेहरा पाहून काकू म्हणाल्या, “थांब. काय झालंय ते सांग तरी.”

“लाकूड आटलं, काकू. नावेचं काम हे. पाण्यात राहिलं तर फुगून घट्ट बसतं. आपण ते भट्टीत आणलंय.” नावेच्या मिस्त्रीकडून सडकेची गाडी करून घ्यावी, आणि ती पाण्यावाचून तडकेल हे दोघांपैकी एकालाही सुचू नये! असं फक्त काशीतच होऊ शकतं. आमचं सगळं जगच पाण्याच्या काठावर.

काकू एकदम म्हणाल्या, “मग काठवट तडकली की आपण काय करतो? भिजत घालतो. हिला भिजत घाल.”

मघाशी वाटेत एक तलाव मागे पडला होता. मी गाडी हळूहळू वळवली, काकू कलश धरून उभ्याच. तलावाच्या काठी आलो. ट्रेलर मागे नेणं हे या धंद्यातलं सगळ्यांत वाईट काम. मोटारीचं चाक उजवीकडे वळवलं की तो डावीकडे जातो. चुकतमाकत मी तो पाण्यात उतरवला, मोटारीपासून सोडवला आणि जमलेल्या गावकऱ्यांच्या मदतीने आणखी आत ढकलला. पाणी फळ्यांच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि फटींतून आत शिरलं. डबा भरभरून मी वरच्या फळ्यांवर आणि तुळईवर ओतत राहिलो. लाकूड पाणी प्यायला वेळ घेतं, त्याला घाई चालत नाही.

काकूंचे हात आता राहत नव्हते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी कमरेइतक्या पाण्यात, हात ग्रीजने भरलेले. मग त्या गुरुजींकडे वळल्या. गुरुजी कोपऱ्यात, पायांखाली पाणी खेळत असताना, तोंड भिंतीकडे करून उभे होते.

“अहो, धरा.”

गुरुजींनी मानेनेच नकार दिला.

“माझे हात गेले. धरा म्हणते ना.”

“माझ्या हातात राहणार नाही,” गुरुजी म्हणाले.

“मग माझ्या हातूनही पडेल. दोघांच्याही हातून पडला तर मग सोडून देऊ. पण धरा.”

गुरुजींनी हात पुढे केले. काकूंनी कलश त्यांच्या हातात दिला आणि मटकन खाली बसल्या, पाण्यातच. मी डबा घेऊन दाराशी उभा होतो. गुरुजींच्या हातांना असा कंप सुटला होता की मला बघवेना. मी तोंड फिरवलं आणि पुन्हा पाणी ओतू लागलो.

थोड्या वेळाने आतून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, पाण्याचाच आवाज. मग शब्द लागले. हात स्थिर राहावेत म्हणून गुरुजी रुद्र म्हणू लागले होते. पुटपुटत, अडखळत, गंज चढलेल्या बिजागरीसारखा आवाज. एक अनुवाक झाला, दुसरा झाला. आवाज हळूहळू वर आला, छताला लागला, फटींतून बाहेर पडला. काठावरच्या गावकऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढून हात जोडले. काकू पाण्यात बसून रडत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही रडत होतो. हातांना ग्रीज असल्यामुळे डोळेसुद्धा पुसता येत नव्हते.

ऊन कलेपर्यंत गुरुजी थांबले नाहीत. तोवर फटी मिटत आल्या होत्या. मी खुंट्या ठोकल्या, त्या घट्ट बसल्या, तुळईची चीर दोरीने आवळली. कलश पुन्हा टांगला तो गुरुजींनी स्वतः. गावकऱ्यांनी बैलांची जोडी आणून ट्रेलर चिखलातून ओढून काढला. चाकांच्या तुंब्यांत, आस बसतो त्या पोकळीत, पाणी गेलं होतं, ते उघडून, पुसून, नवं ग्रीज भरीपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मी रेडिएटरसाठी डबा शोधत होतो, तो तलावात कुठंतरी गेला होता. काकूंनी दारातून आपली बादली पुढे केली.

तिथून पुढे प्रत्येक नदीवर, प्रत्येक तलावावर आम्ही नावेला पाणी पाजलं. मदुरा गाठली, मंडपमला पोचलो. तिथं सडक संपते. पुढे समुद्रावर फक्त आगगाडीचा पूल. गुरुजी आणि काकू कलश घेऊन आगगाडीत चढले, आणि या वेळी कलश गुरुजींच्या हातात होता. मोटार आणि ट्रेलर सोडून मला हलता येईना. मी स्टेशनाबाहेर बसून राहिलो. रामेश्वराच्या इतक्या जवळ जाऊन मी रामेश्वर पाहिलं नाही, आणि पुढेही कधी जाणं झालं नाही. याचं वाईट वाटतं. आजही वाटतं.

परतीला उन्हाळा लागला, पण आता नावेचा स्वभाव कळला होता. काशीत शिरलो तेव्हा तिची रया गेली होती. डांबर वितळून ओघळलं होतं, एका बाजूचा रंग खडकाने खरवडला होता, स्प्रिंगा बदलून बदलून त्यांत मूळची पाटी शोधावी लागली असती. पण मोडली नव्हती. रामधनी राजघाटावर आला, त्याने प्रत्येक सांध्यावर हात फिरवला. मी तलावाची हकीकत सांगितली. माफी मागायचा त्याचाही विचार नव्हता आणि माझाही.

“त अब एके पानी में डाल देईं?” त्याने विचारलं.

चाकं आणि चौकट मी काढून घेतली. छत उतरवलं, चूल फोडली, आणि काकूंची नाव खरोखरच गंगेत उतरली. रामधनीने वल्हवत ती बालाजी घाटाला आणली. रामेश्वरची वाळू सोडायला याच नावेतून जायचं, असं काकूंनी आधीच ठरवलं होतं. आम्ही बसलो आणि मध्यावर पोचलो, तशी ती सगळीकडून पाझरू लागली. मी ओंजळींनी पाणी उपसत होतो. रामधनी शांत होता. “पीयत हौ,” तो म्हणाला. “पी लेई त चुप हो जाई.”

गुरुजी उभे राहून मंत्र म्हणत होते. घाटावरच्या बायका पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी त्या आवाजासाठीच आल्या होत्या. गुरुजींनी वाळू सोडली, मग काकूंनी. कापडात चिमूटभर उरली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने मागे सरकलो.

“इकडे ये,” काकू म्हणाल्या.

“काकू, हात काळे आहेत.”

“दिसतंय मला.” त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटा केला आणि वाळू तळव्यावर ठेवली. “तू बाहेर बसून राहिलास ना? तुझं रामेश्वर हे घे. सोड.”

मी हात पाण्यात घातला.